अण्णांच्या क्लचमधला कोश

शांतिनाथ मगदुमांची स्कूटर ऐन मे महिन्यात अंगणात उभी राहिली आणि तिला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं, त्याला मी जबाबदार आहे, असं आमच्या गल्लीत अजूनही मानतात. मानोत बापडे. माझं म्हणणं एवढंच, की अळी माझी होती हे खरं, पण क्लच त्यांचा होता. आणि अळीनं कुठं बसावं हे मी काही तिला लेखी कळवलेलं नव्हतं.

माझं नाव लालासाहेब बर्गे. आम्ही मूळचे कोरेगावचे. घरातले बहुतेक पुरुष पलटणीत गेले, त्यामुळे माझं नाव ठेवताना थोरल्यांच्या डोळ्यांपुढे घोडा आणि तलवार असावी. मी निघालो कारकून. सांगलीतल्या एका सरकारी कचेरीत माझं टेबल होतं, आणि एका खोलीत दोन साहेब नकोत म्हणून आमचे साहेब मला नुसतं 'बर्गे' म्हणत.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. सुट्टीत कुठं जायची सोय उरली नाही. वेळ घालवायला मी वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं, त्यात फुलपाखरांची आणि पतंगांची रंगीत चित्रं होती. आजवर ज्याला मी सरसकट फुलपाखरू म्हणत आलो त्यात एवढ्या जाती, पोटजाती आणि शाखा आहेत हे बघून माझ्यातला कारकून जागा झाला. हा सगळा विभाग इतकी वर्षं कुणी तपासलेलाच नव्हता.

अडचण नावांची होती. इंग्रजी नावं जिभेवर बसेनात, आणि मराठीत काय म्हणतात ते गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी बायको शालन हिच्या मते फुलपाखरू म्हणजे फुलपाखरू, आणि पतंग म्हणजे जो डाळीच्या डब्यात निघतो तो. मग मीच नावं ठेवली. पांढरं, सतत घाईत असलेलं, कुठंच न टेकणारं ते 'वसुली'. रुईच्या झाडाभोवती नारिंगी पट्टा मिरवत फिरणारं ते 'चपराशी'. आणि काळ्यापिवळ्या रंगाचं, मोठं, आलं की बाकीच्यांना फुलावरून उठवून लावणारं ते 'डेप्युटी'.

नाद जाहीर झाल्यावर सल्ले सुरू झाले. समोरच्या बाळासो निकमांनी सांगितलं, की फुलपाखरं पकडून टाचणीनं टोचून काचेच्या चौकटीत लावतात. त्यांनी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्यात तसं बघितलं होतं आणि दिवाणखान्याला फार शोभा येते. मी जुन्या मच्छरदाणीची जाळी शिवून घेतली. ती घेऊन दारात उभा राहिलो, तर दोघांनी कृष्णेत मासे कुठं लागतात ते समजावून सांगितलं.

मात्र टाचणीची गोष्ट अव्वांच्या कानावर गेली. अव्वा म्हणजे शांतिनाथ अण्णांच्या आई, चंपाबाई. अण्णा आमचे घरमालक. पुढच्या भागात ते आणि अव्वा, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मगदुमांचं घर जैन, त्यात अव्वा इतक्या कडक, की पाणी गाळून झालं की गाळण्याचं फडकं त्या विहिरीत परत बुडवून घेत, म्हणजे फडक्यात अडकलेला जीव आपल्या घरी जाईल. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मारणार हाईस व्हय रं?" त्यांनी विचारलं.

मी नुसतं बघणार, असं वचन दिलं. जाळी त्याच दिवशी शालनच्या ताब्यात गेली आणि गच्चीवर वाळत घातलेल्या आंबोशीवर पसरली गेली.

बघायचं तर गावाबाहेर जायला हवं. अण्णांचा कुपवाडला पंपाचे भाग ओतायचा लहानसा कारखाना होता, आणि कित्येक वर्षं नंबर लावून मिळालेली एक स्कूटर होती. तिला ते रोज सकाळी धोतराच्या मऊ फडक्यानं पुसत आणि इतकी जपून चालवत, की सायकलवाले त्यांच्याशी गप्पा मारत बरोबर येऊ शकत. तासगावच्या अलीकडं आकाराम माने नावाच्या माणसाच्या विहिरीवर अण्णांना एक पंप बघायचा होता. आकाराम फौजेतून हवालदार होऊन परतलेला, आता द्राक्षबाग करत होता. रविवारी अण्णा निघाले तेव्हा मी मागं बसलो. बरोबर पुस्तक, शालनची नवी पांढरी चादर आणि तिच्याच दुधावरचं जाळीचं झाकण होतं. चादर कशाला, ते पुढं सांगतो.

विहिरीजवळ पाटाचं पाणी झिरपून चिखल झाला होता, आणि त्या ओल्या मातीवर फुलपाखरांची सभाच भरली होती. उभ्यानं गेलं तर ती उडत, म्हणून मी पोटावर झोपलो आणि कोपरांवर सरकत पुढं गेलो. वसुली होती, डेप्युटी तर अनेक होते. सोंड लावून सगळे मुकाट्यानं पाणी पीत होते. इतक्या जवळून मी आयुष्यात काही बघितलं नव्हतं. तेवढ्यात पाठीवर बादलीभर गार पाणी पडलं. द्राक्षबागेतून येणाऱ्या आकारामनं मला उन्हात पालथा पडलेला बघितला आणि ऊन लागलं असं समजून, फौजेत शिकवलं होतं त्याप्रमाणे तातडीची मदत केली. सभा बरखास्त झाली. मी उठून बसलो आणि कारण सांगितलं. आकारामनं अण्णांना बाजूला नेऊन, सायेब कुठल्या खात्यात हायत, असं हळूच विचारलं.

आता चादरीचं. पुस्तकात लिहिलं होतं, की दिवस मावळताना पांढरं कापड टांगून त्यापुढं दिवा ठेवला की पतंग आपण होऊन येऊन बसतात. दोन बाभळींच्या मध्ये आम्ही चादर ताणून बांधली आणि आकारामची गॅसबत्ती पेटवली. अण्णांनी सूर्य बुडायच्या आत भाकरी खाऊन घेतली होती. एखादा जीव तापल्या काचेवर भाजू नये म्हणून त्यांनी दुधावरचं झाकण बत्तीवर धरलं आणि दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन ते पहाऱ्याला बसले.

पतंगांच्या आधी माणसं आली. वस्तीवरून पांढरा पडदा आणि उजेड दिसल्यावर, सरकारच्या प्रसिद्धी खात्याचा सिनेमा आलाय, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पोती, घोंगडी, पाट, जे हाताला येईल ते घेऊन बायकापुरुष पडद्यापुढं येऊन बसले. आकारामची चुलती रंगूबाई सगळ्यांत पुढं बसली होती, आणि आपण तव्यावर भाकरी टाकून आलोय, सिनेमा लवकर चालू करा, असं दर थोड्या वेळानं बजावत होती.

एवढ्यात पतंग यायला लागले. आधी बारीक भुरके, मग मोठे. आणि मग तळहाताएवढा एक तपकिरी पतंग गिरक्या घेत आला आणि पडद्याच्या बरोबर मधोमध बसला. त्याच्या पंखांवर दोन गोल डोळे होते. सगळ्यांच्या माना पुढं झाल्या. अण्णांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मला वाटलं, जिंकलं.

"बरं, म्होरं काय?" रंगूबाईनं विचारलं.

पुढं काही नव्हतं. मागून कुणीतरी, सरकारी बातम्या झाल्या, आता पिच्चर लावा, असं सुचवलं. कुरकूर वाढली. अखेर आकाराम उठून उभा राहिला, सरहद्दीवरच्या रानात आपण सुपाएवढे पतंग कसे बघितले ते त्यानं हवालदारी आवाजात सांगितलं, आणि पाहुण्यांची अब्रू राखून कार्यक्रम संपवला. जाताना रंगूबाई म्हणाली, की गेल्या वर्षीचा सिनेमा तीनदा तुटला होता, पण तो बरा होता.

निघताना आकारामनं मला लिंबाच्या झाडांकडं नेलं. "सायेब, लांबून कशाला बगताय? ही घ्या, पायजे तेवढी न्या. माझी झाडं बोडकी केल्यात." पानापानावर हिरव्या अळ्या होत्या, आणि पुस्तक म्हणत होतं की याच पुढं डेप्युटी होतात. एका खोक्यात फांद्यांसकट अळ्या घेऊन, मांडीवर खोकं सांभाळत, मी सांगलीला आलो.

खोकं आम्ही पडवीत ठेवलं. पडवीला लागूनच अंगणात अण्णांची स्कूटर उभी असे. अळ्या दिवसभर खात आणि बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढून आंबट वास सोडत. शालननं त्यांच्याशी बोलणं तोडलं आणि हळूहळू माझ्याशीही. काही दिवसांनी त्यांनी खाणं सोडलं आणि जागा शोधत खोक्याच्या कडेनं फिरू लागल्या. एकेकीनं झाकणाला टेकून कोश केला. एक मात्र बेपत्ता होती. मी फार शोध घेतला नाही; कचेरीतली एखादी फाईल हरवली तरी आम्ही दोन दिवस वाट बघतो.

ती अण्णांना सापडली. सकाळी स्कूटर पुसायला त्यांनी हात घातला आणि तसेच थांबले. डाव्या हँडलला शेपूट चिकटवून आणि कमरेचा बारीक दोरा क्लचच्या दांडीला बांधून, बरोबर दोहोंच्या मधल्या फटीत, एक हिरवा कोश तिरका टेकला होता. क्लच दाबला की तो चिरडणार, आणि क्लच दाबल्याशिवाय स्कूटरचा गिअर पडत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. दांडी सोडवायची म्हटली तर दोरा तुटतो, आणि हँडल सोडवायचं म्हटलं तर शेपूट.

अव्वा काठी टेकत आल्या, कोशापुढं वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"तपाला बसलाय जीव," त्या म्हणाल्या. "त्येचं त्यो उठंल. तवर गाडी हलायची न्हाई." आणि तो उठेपर्यंत आपण साखर सोडली, असंही त्यांनी जाहीर केलं. मगदुमांच्या घरात सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात होई, त्यामुळे साखर अण्णांचीही सुटली.

गल्लीतून सल्ल्यांची दुसरी फेरी सुरू झाली. मिस्त्री आला, बघून, ह्यात आपला हात चालत न्हाई, म्हणून गेला. बाळासोंनी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना आणलं. त्यांनी भिंगातून कोश बघितला, फार चांगला नमुना आहे म्हणाले, ब्लेडनं अलगद काढून बाटलीत औषधात घालून ठेवू म्हणाले. अव्वांनी त्यांना दूध दिलं आणि दरवाजा दाखवला. कुणी म्हणालं छत्री धरा, कुणी म्हणालं उन्हात ठेवा. येणारे-जाणारे वाकून बघत, आणि मग माझ्या खिडकीकडं बघत. भाडेकरूनं घरमालकाला त्रास द्यावा ही आमच्याकडं रीत आहे, पण ती नळ, संडास आणि जिना यांच्यावरून; अळी लावून कुणी दिला नव्हता.

अण्णा कुपवाडला एसटीनं जाऊ लागले. संपामुळं एसटीला पाय ठेवायला जागा नसे. संध्याकाळी ते घामेजलेले परत येत, हातपाय धुऊन बिनसाखरेचा चहा पीत, आणि मला काही बोलत नसत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात पुण्याहून एक मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला आलं. हे काम मिळालं तर अण्णा दुसरी भट्टी घालणार होते. वर्षभर त्यांच्या तोंडी तोच विषय होता. त्यांनी पाहुण्यांना स्टँडवरून टांग्यातून नेलं. घोडं वाटेत दोनदा थांबलं. दुपारी पाहुणे जेवायला घरी आले, तेव्हा अंगणातली झाकपाक स्कूटर त्यांना दिसली आणि त्यांनी साहजिकच विचारलं. अण्णांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी कोश दाखवला. पाहुणे हसले, जेवले, आणि निघताना म्हणाले, की मगदूमशेठ, तुम्ही देवमाणूस आहात, पण मला माल वेळेवर लागतो. काम गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघितलं, अण्णा स्कूटरपाशी एकटेच उभे होते. हात हँडलवर होता. बोटं क्लचच्या दांडीवर आली आणि तिथंच राहिली. मी बाहेर आलो.

"अण्णा," मी म्हणालो, "दाबा तुम्ही. अव्वांना सांगू आपोआप पडला म्हणून. मी सांगतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावलेले दिसले नाहीत, थकलेले दिसले. "बर्गे, कालपासनं ह्यो काळपट झालाय," ते म्हणाले. "आत पिवळे ठिपके दिसतात. बगा की." मी वाकून बघितलं. पातळ सालीच्या आत घडी घातलेले पंख दिसत होते. अण्णांनी बोटं अलगद काढून घेतली, डबा उचलला आणि ते एसटीसाठी निघून गेले. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या नादाची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर अण्णांचा हेवाही वाटला. रोज सकाळी तो कोश इतका नीट बघत होते ते, मी नव्हे.

कोश उघडताना हजर असावं म्हणून त्या दिवशी मी कचेरीत रजेचा अर्ज टाकला. कारण 'घरगुती' लिहिलं, तर साहेबांनी तपशील मागितला. मी खरा तपशील लिहिला. अर्ज शेरा होऊन परत आला: 'फुलपाखरू अर्जदाराच्या कुटुंबात मोडते काय, याचा खुलासा व्हावा.' खुलासा लिहायच्या आतच काम झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अण्णांनी माझं दार वाजवलं. कोश फाटला होता. त्यातून एक ओला, चुरगळलेला प्राणी बाहेर येऊन क्लचच्या दांडीला लटकला होता. त्याचे पंख पिळून ठेवलेल्या कापडासारखे होते. अव्वा पाटावर बसल्या होत्या, शालनसुद्धा पदर तोंडाला लावून उभी होती. पंख हळूहळू उलगडत होते.

आणि फाटकाशी मलेरियाचे फवारणीवाले आले. खाकी कपडे, खांद्यावर पंप, बादलीत पांढरं औषध. मुकादम म्हणाला, घर रिकामं करा, पडवीपासून सुरुवात करतो. मी उद्या या म्हणालो. त्याच्या यादीत उद्या दुसरा वॉर्ड होता. मी सरकारी नोकर असल्याचं सांगितलं. तर तो म्हणाला, मग तुम्हीच आडकाठी केली तर कसं. नकार द्यायचा तर लेखी, सकारण द्या. मी सकारण या शब्दाशी अडखळलो. पंपाचा दट्ट्या वर गेला.

अव्वा पाटावरून उठल्या. काठीही घेतली नाही. फाटकात जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "आत बाळंतीण हाय," त्या म्हणाल्या. "आत्ताच सुटलीया. वास चालायचा न्हाई."

मुकादमाचा चेहरा बदलला. तो मागं सरला, बाळबाळंतीण सुखरूप आहे ना विचारलं, पंप उचलून पुढच्या घरी गेला. अण्णा आईकडं बघतच राहिले. अव्वा परत पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी काय खोटं बोलले?"

उन्हं अंगणात उतरली तेव्हा डेप्युटीनं पंख दोनदा उघडले, मिटले, आणि तो उडाला. आधी माझ्या छपरावर, मग बाळासोंच्या शेवग्यावरून पलीकडं. अण्णा डोळ्यांवर हात धरून बघत होते. अव्वांनी घरात जाऊन साखरेची चिमूट तोंडात टाकली आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर ठेवली.

पण सरकारी यंत्रणा, नको तेव्हा, फार तत्पर असते. मुकादमानं बाळंतपणाची खबर दवाखान्यात दिली होती. दुपारी टळटळीत उन्हात एक नर्सबाई वजनाचा काटा आणि टोचणीचं सामान घेऊन दारात उभ्या. बाळंतीण कुठं आहे, त्यांनी विचारलं. शालन माझ्याकडं बघायला लागली. मी छपराकडं. अव्वांनी मात्र नर्सबाईंचा हात धरला, त्यांना स्कूटरपाशी नेलं आणि दांडीला चिकटलेली रिकामी साल दाखवली.

"आन् बाळ?" नर्सबाईंनी विचारलं.

"गेलं उडून," अव्वा म्हणाल्या.

मला वाटलं आता पंचनामा होणार. पण नर्सबाई पडवीत बसल्या, ताक प्यायल्या, आणि अण्णा त्यांना सगळं सांगायला लागले. जो माणूस ओतायच्या बिडाच्या भावाखेरीज दुसरं बोलत नसे, तो दोन्ही तळहात जुळवून, हळूहळू उघडून, पंख कसे सुटले ते दाखवत होता. मधेच मी पुस्तकातली एक दुरुस्ती सुचवली. अण्णा म्हणाले, "बर्गे, तुमी थांबा, मी बगितलंय." नर्सबाई म्हणाल्या, की असल्या अळ्या त्यांच्या दारच्या लिंबावर दरवर्षी येतात आणि त्या राख टाकतात, आता टाकणार नाही. काटा उचलून त्या पुढच्या बाळंतिणीकडं गेल्या.

पुढच्या रविवारी सकाळी अण्णांनी स्कूटर सुरू केल्याचा आवाज मला आला. मी पुस्तक आणि बाकीचे डेप्युटी उडाल्यावर रिकामं झालेलं खोकं घेऊन तयार होऊन बाहेर आलो. मागच्या सीटवर अव्वा बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, एका हातानं अण्णांचा खांदा घट्ट धरलेला.

"आकारामकडं जातोय," अण्णा म्हणाले. "अव्वाला बगायचंय. तुमी या की मागनं, एसटीनं."

मी गेलो एसटीनं. उभ्यानं, खोकं डोक्यावर धरून. कंडक्टरनं खोक्यात काय आहे विचारलं, मी काही नाही म्हणालो, तर मग डोक्यावर का धरलंय, असं त्यानं विचारलं. तासगाव रस्त्याला लागल्यावर मला खिडकीतून ती स्कूटर दिसली. रस्त्याच्या कडेला उभी होती आणि मायलेक रुईच्या झुडपापाशी उकिडवे बसून पानाखाली डोकं घालून काहीतरी बघत होते. मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, इथं थांबा नाही. मी खिडकीतून हात बाहेर काढून पुष्कळ हलवला. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही.